‘टिश्यू डॅमेज’ला मराठीत हानी म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करताना ‘फोकस्ड अल्ट्रासाउंडनंतर एमआरआय काढून टिश्यू डॅमेज किती झालं ते पाहतात’ या वाक्यात ‘ऊतींची हानी’ असं लिहिलं. ते वाचून एका पेशंटच्या मुलाने विचारलं, “हानी होणार हे आधीच माहीत आहे, तर उपचार करता कशाला?” मग दुसरा कुठला शब्द वापरावा?

मुलाचं काही चुकलेलं नाही. जीवितहानी, वित्तहानी, मानहानी… मराठीत हानी कुणाला हवी नसते. फोकस्ड अल्ट्रासाउंडमध्ये, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी शरीरातल्या एका ठिकाणी एकवटून केलेल्या उपचारात, मात्र ती मुद्दाम घडवलेली असते. हात थरथरण्याच्या आजाराचं उदाहरण घ्या, म्हणजे ज्याला डॉक्टर इसेन्शियल ट्रेमर म्हणतात तो. (याला सरसकट ‘कंपवात’ लिहू नका; कंपवात म्हणजे पार्किन्सन्स, आणि तो आजार वेगळा.) अमेरिकेत २०१६ साली या आजारासाठी फोकस्ड अल्ट्रासाउंडला मान्यता मिळाली. डोक्याचे केस पूर्ण काढून हेल्मेटसारखं यंत्र बसवतात. त्यातल्या १०२४ ध्वनिस्रोतांच्या लहरी कवटीतून आत जातात आणि थॅलॅमसमधल्या, म्हणजे मेंदूच्या आतल्या एका खोल भागातल्या, एका ठिकाणी एकवटतात. एकेक लहर निरुपद्रवी असते, काम होतं ते सगळ्या एकत्र येतात तिथेच. आधी बेताची उष्णता देऊन पाहतात. त्याने थरथर कमी झाली आणि बोलण्यावर किंवा संवेदनेवर परिणाम दिसला नाही, तर तापमान ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास नेतात. पेशंट जागाच असतो. त्याला कागदावर गोगलगायीच्या शंखासारखी वळणं काढायला सांगतात आणि आधीची वेडीवाकडी रेघ सरळ होताना दिसते.

या दोन पायऱ्यांसाठी आपल्याकडे शब्द तयार आहेत. पहिली पायरी म्हणजे ‘शेक’: ऊब लागली, निघून गेली, मागे काही उरलं नाही. दुसऱ्या पायरीला ‘जाळणे’ लिहायचा मोह होतो, पण तिथे ना ज्वाळा असते ना कोळसा. उकडताना अंड्याचा पांढरा भाग घट्ट होतो, तशी पेशींतली प्रथिनं घट्ट होतात. रक्त ‘साकळतं’ म्हणतो ना, तेच क्रियापद मला इथे सर्वांत जवळचं वाटतं. पत्रकात ते कदाचित जड होईल. तिथे ‘निकामी करणे’ चालेल. बॉम्ब निकामी करतात, त्यात हेतू स्पष्ट असतो आणि हळहळ नसते. शिवाय उष्णता न वापरणाऱ्या पद्धतीलाही तो शब्द लागू पडतो. हिस्टोट्रिप्सीत, म्हणजे यकृतातल्या गाठींसाठी २०२३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पद्धतीत, सूक्ष्म बुडबुड्यांच्या धक्क्यांनी गाठीचा अक्षरशः चुरा होतो. तिथे ‘जाळणे’ साफ चुकीचं ठरेल.

आता एमआरआय. उपचार चालू असताना तो थर्मामीटरचं काम करतो, कारण पाण्यातल्या हायड्रोजनकडून येणाऱ्या संदेशाची वारंवारता तापमानागणिक किंचित बदलते. उपचारानंतर तो काय दाखवतो, यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. एमआरआयच्या टी-टू नावाच्या प्रकारच्या चित्रात मधोमध तूरडाळीच्या दाण्याएवढा काळसर गाभा दिसतो. त्याभोवती ठळक पांढरं कडं असतं आणि त्याच्याही बाहेर फिकट, धूसर झालर. गाभा आणि कडं मिळून निकामी झालेला भाग होतो, बाहेरची झालर बहुतांशी सूज असते. सूज पहिल्या काही दिवसांत वाढते आणि साधारण महिन्याभरात उतरते. म्हणून सुरुवातीच्या चित्रातला मोठा आकार पाहून घाबरायचं कारण नसतं. ही झालर शेजारच्या नसमार्गांवर पसरली, तर काही दिवस चालताना तोल जाऊ शकतो. पण सूज म्हणजे हानी नव्हे, आणि नेमकं हेच ‘ऊतींची हानी’ या दोन शब्दांत हरवतं. तिथे मी तीन शब्द वापरीन: ‘किती भाग निकामी झाला, भोवती सूज किती आहे आणि शेजारच्या भागाला इजा झाली आहे का, हे एमआरआयमध्ये पाहतात.’ इंग्रजीत एका शब्दावर भागतं म्हणून आपणही एकच शब्द शोधायला हवा असं थोडंच आहे!

गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या, म्हणजे कर्करोग नसलेल्या गाठीच्या, बाबतीत तर ‘हानी’ अगदीच उलटी पडते. तिथे शिरेतून गॅडोलिनियमचं, म्हणजे रक्त पोचतं तो भाग चित्रात उजळ दाखवणारं, औषध देऊन चित्र काढतात. जिथे रक्त पोचत नाही तो भाग काळा राहतो, आणि गाठीत तो जितका मोठा तितका उपचार चांगला. ‘हानी भरपूर झाली, अभिनंदन’ असं कोण लिहील?

चित्रात दिसणाऱ्या त्या खुणेला, डॉक्टरांच्या ‘लीजन’ला, काय म्हणावं हेही तुम्ही पुढे विचारालच. ‘जखम’ म्हटलं की उघडी, वाहती काहीतरी डोळ्यांपुढे येते. ‘व्रण’ संस्कृतात जखम असला तरी मराठीत तो जखम भरल्यावर मागे राहतो. काही महिन्यांनी आक्रसलेल्या खुणेला तो शोभेल. ताज्या खुणेला माझा कौल ‘डाग’ला. डाग म्हणजे दिसणारा ठिपका आणि डाग म्हणजे चटक्याची खूणही. हा शब्द फारसी ‘दाग’कडून आला म्हणा किंवा प्राकृतातल्या ‘डहइ’कडून, दोन्ही वाटा ‘दह्’ (जाळणे) धातूच्याच घराण्यात पोचतात. फक्त नाम म्हणूनच वापरा. ‘डाग देणे’ हे क्रियापद पत्रकात चुकूनही येऊ देऊ नका. त्याने तापलेल्या विळ्याचे चटके आठवतील, आणि खेडोपाडी डाग देतात तो प्रेताला.

‘ऊती’ मात्र बदलू नका. पाठ्यपुस्तकामुळे तो शब्द रुळला आहे आणि त्याचं मूळही छान आहे: ‘वे’ म्हणजे विणणे, त्यावरून ऊती, म्हणजे वीण. ‘टिश्यू’च्या मुळाशीही विणकामच आहे. ‘ओतप्रोत’मधले ओत आणि प्रोत हे याच मागावरचे आडवे-उभे धागे.