वीजबिल बँकेच्या अ‍ॅपवरून की फोनपेवरून? आणि बँका मागे का पडल्या

तुमचे दोन प्रश्न आहेत: महावितरणचं बिल बँकेच्या अ‍ॅपवरून भरण्यात काही फायदा आहे का, आणि फोनपे, गूगल पे आल्यापासून बँका या कामातून बाद झाल्या का? मी बरीच वर्षं एका बँकेच्या बिल भरणा विभागात होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पूर्वी प्रत्येक बँकेला वीज कंपनी, फोन कंपनी, गॅस कंपनी यांच्याशी एकेक करून जोडून घ्यावं लागे, नाहीतर बिलडेस्कसारख्या मध्यस्थाकडून ते काम करून घ्यावं लागे. एकेका जोडणीत महिने जायचे. 'आमच्या गावची पाणीपट्टी यादीत का नाही?' असे फोन मी रोज घेतलेत. पण ज्या बँकेची यादी लांब, तिचा ग्राहक हलत नसे. रिझर्व्ह बँकेने 2014 मध्ये भारत बिल पेमेंट सिस्टीमची नियमावली काढली आणि 2016 मध्ये एनपीसीआयने (यूपीआय चालवणारी संस्था) ती व्यवस्था प्रत्यक्षात आणली. आता या व्यवस्थेचंच नाव भारत कनेक्ट. तिथे एकदा जोडलं की सगळी यादी मिळते, बँकेला आणि नव्या कंपनीलाही. 2022 मध्ये तर बिगरबँक कंपन्यांना या व्यवस्थेत येण्यासाठी असलेली नक्त मालमत्तेची अट 100 कोटींवरून 25 कोटींवर आली. आमची खरी ताकद ती यादी होती. ती सगळ्यांची झाली.

मग उरला फक्त मोबाइलचा पडदा, आणि तिथे आम्ही कमी पडलो. आमच्याकडे लॉगिन, मग बिलर (बिल देणारी कंपनी) नोंदवा, मग ओटीपी. फोनपे, गूगल पे यांचं अ‍ॅप बिल आलं की स्वतःहून आठवण करतं. त्यांना बिलांची गरजही जास्त आहे: जानेवारी 2020 पासून यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही, बिलांवर मात्र थोडं कमिशन सुटतं आणि ग्राहक दर महिन्याला परत येतो.

तरीही बाद झाल्या असं म्हणणार नाही. पैसे शेवटी बँकेतल्या खात्यातूनच जातात. क्रेडिट कार्डाच्या बिलांचंच बघा. ती 1 जुलै 2024 पासून याच व्यवस्थेतून भरायची असं ठरलं, पण त्या तारखेपर्यंत एचडीएफसी, आयसीआयसीआय, अ‍ॅक्सिस या बँका तिला जोडलेल्याच नव्हत्या. इथे बिल देणारी बँकच, त्यामुळे अ‍ॅपवाल्यांना थांबावं लागलं. पुढे त्या जोडल्या गेल्या.

आता तुमचं वीजबिल. कुठूनही भरा, फरक नाही. 12 आकडी ग्राहक क्रमांक टाकल्यावर येणारं नाव मात्र वाचा, आणि पावतीवरचा बी-कनेक्ट क्रमांक, म्हणजे भारत कनेक्टचा व्यवहार क्रमांक, जपून ठेवा. गेल्या वर्षी आईच्या घराचं बिल भरताना पैसे कापले गेले आणि बिल थकीतच दिसत राहिलं. अ‍ॅपवाले बँकेकडे बोट दाखवत होते, बँक अ‍ॅपकडे. तो बी-कनेक्ट क्रमांक देऊन तक्रार टाकली, तेव्हा चार दिवसांत निकाल लागला. 30 दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. 2021 पासून बँका आणि पेमेंट कंपन्या दोघांसाठी तिथे एकच योजना आहे.