विद्यापीठात नवीन लागलेल्या कर्मचाऱ्याने फेब्रुवारी-मार्चमधल्या कार्यक्रमांना जावं का?

तुम्ही विचारलंय की कनिष्ठ सहायक म्हणून नुकतेच रुजू झालात, फेब्रुवारी लागल्यापासून रोज एखादं परिपत्रक येतंय, त्यातलं कुठे जावं, कुठे नाही गेलं तर चालतं आणि घरच्यांना आणता येतं का.

जा. पण परिपत्रकाची प्रत काढून ठेवा आणि मग जा. प्रत का, ते जरा लांबून सांगते. माझी बरीच वर्षं एका अकृषी विद्यापीठात गेली आणि त्यातली जास्त परीक्षा विभागात.

परीक्षा विभागात मार्च म्हणजे काय असतं ते तुम्हाला यंदा कळेलच. उन्हाळी परीक्षांची वेळापत्रकं, बैठक क्रमांक, हॉल तिकिटं, प्राचार्यांचे फोन, मुलांचे फोन, मुलांच्या पालकांचे फोन. त्यात 8 मार्चच्या कार्यक्रमाचं परिपत्रक आलं. खाली कुलसचिवांची सही. सर्व महिला अधिकारी व कर्मचारी यांनी दुपारी अडीच वाजता सभागृहात उपस्थित राहावे. आमच्या कक्षात आम्ही पाच जणी होतो. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "जा की, आज तुमचा दिवस आहे." हे त्यांनी हसत हसत सांगितलं होतं, ते लक्षात ठेवा.

गेलो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ. मग एका डॉक्टरांचं ताणतणावावर व्याख्यान. पहाटे लवकर उठा, ध्यान करा, कामाची यादी करा. माझ्या शेजारी बसलेली मैत्रीण पहाटे साडेचारला उठून दोन डबे भरून पहिल्या बसने येत होती. तिला आणखी किती लवकर उठवणार होते कोण जाणे. एवढ्यात माझा फोन वाजायला लागला. एका कॉलेजला हॉल तिकिटं दिसत नव्हती. मी बाहेर व्हरांड्यात उभं राहून त्यांच्या लिपिकाला लॉगिन कसं करायचं ते सांगत होते, आत ताण कमी कसा करायचा ते चाललं होतं. शेवटी प्रत्येकीला एक गुलाब आणि एक पाकीट मिळालं. पाकिटात कचोरी, वेफर्स आणि पेढा. साडेचारला परत टेबलावर. त्या दिवशी आम्ही ऑफिस सोडलं तेव्हा सात वाजून गेले होते.

महिनाअखेरीला हजेरीच्या मस्टरवर पाहते तर आम्हा पाचही जणींची अर्धी सीएल, म्हणजे किरकोळ रजा, मांडलेली.

साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "कार्यक्रम म्हणजे काम नव्हे, मॅडम. अडीच ते साडेचार तुम्ही जागेवर नव्हता." मी म्हटलं, परिपत्रक कुलसचिवांचं होतं. तर म्हणे, त्यात रजेबद्दल, कर्तव्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही, दाखवा कुठे लिहिलंय. खरंच लिहिलेलं नव्हतं. नियमावर बोट ठेवणारा माणूस पूर्ण चुकीचा कधीच नसतो, म्हणून तर जास्त संताप येतो.

अर्ध्या सीएलची किंमत काय? काहीच नाही. डिसेंबर संपला की उरलेल्या सीएल तशाही बुडतात. पण मला त्या दिवशी ते 'तुमचा दिवस' आठवलं आणि मी अर्ज केला. अर्ज योग्य मार्गाने द्यायचा असतो, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांच्याच हातून पुढे जायचा. तो त्यांच्या ट्रेमध्ये पडून राहिला. एप्रिल गेला, उत्तरपत्रिका तपासणीचा कॅप सुरू झाला, मे गेला. बाकीच्या चौघींपैकी एकीची पदोन्नती व्हायची होती, तिने आधीच सांगितलं की माझं नाव घेऊ नकोस. दुसरी म्हणाली जाऊ दे गं. मी आवक क्रमांक पडलेली दुसरी प्रत घेऊन थेट आस्थापना विभागात, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका-रजा बघणाऱ्या विभागात, गेले. तिथला मुलगा म्हणाला, "ताई, अर्ध्या दिवसासाठी?"

हो, अर्ध्या दिवसासाठी.

आता गंमत ऐका. आस्थापनेने विचारलं की कार्यक्रमाला हजर होता याचा पुरावा काय. मी कार्यक्रम घेणाऱ्या विभागाकडे उपस्थितीपत्रक मागायला गेले. ते म्हणाले, मूळ प्रत नॅकच्या, म्हणजे विद्यापीठांना श्रेणी देणाऱ्या परिषदेच्या, फायलीत लावली. नॅकच्या सातव्या निकषात स्त्री-पुरुष समानतेसाठी संस्थेने काय केलं ते दाखवावं लागायचं, त्याला फोटो लागायचे, सह्या लागायच्या. म्हणजे नॅकच्या कागदावर आम्ही पाच जणी विद्यापीठाच्या उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो आणि मस्टरवर आम्ही त्याच वेळी रजेवर होतो! मी त्या पत्रकाची झेरॉक्स काढली, अर्जाला जोडली आणि एकच वाक्य वाढवलं: सदर कर्मचारी रजेवर असल्यास त्यांची उपस्थिती उपक्रमात धरावी किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन व्हावे.

माझ्या अख्ख्या नोकरीत इतक्या वेगाने हललेली टिपणी मी दुसरी पाहिली नाही. सहायक, कक्षाधिकारी, सहायक कुलसचिव, उपकुलसचिव, सगळ्या सह्या आठवडाभरात. पाचही जणींची सीएल परत जमा. जिने नाव घेऊ नकोस म्हटलं होतं तिचीसुद्धा. आणि पुढच्या वर्षीपासून आमच्या परिपत्रकांत शेवटी एक ओळ येऊ लागली: कार्यक्रमातील उपस्थितीचा कालावधी कर्तव्य कालावधी समजण्यात यावा. ती ओळ आजही छापून येते. कुणी आणि का घातली हे आता कुणाला माहीत नाही. मला आहे.

म्हणून, परिपत्रक आलं की आधी तळ वाचा. ही ओळ असेल तर निर्धास्त जा. नसेल तर कक्षाधिकाऱ्याला दोन ओळींचं पत्र द्या, परवानगी लेखी घ्या. तोंडी 'जा की' ला काही अर्थ नसतो.

बाकीचं वेळापत्रक तुम्हाला ठाऊकच असेल. 19 फेब्रुवारी शिवजयंती, 27 ला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनाचा मराठी भाषा गौरव दिन, 28 ला विज्ञान दिन, मग 8 मार्च, 10 मार्चला सावित्रीबाईंचा स्मृतिदिन, 11 एप्रिल महात्मा फुले, 14 एप्रिल बाबासाहेब, 1 मेचं झेंडावंदन. मध्येच कर्मचाऱ्यांचे टेनिस बॉलचे क्रिकेट सामने, रस्सीखेच, आरोग्य तपासणी. एवढं सगळं याच दिवसांत का कोंबतात? जयंत्यांच्या तारखा हलत नाहीत हे खरं, पण शिबिरं, कार्यशाळा, स्पर्धा यांच्या तर हलवता येतात. खरं कारण 31 मार्च. अर्थसंकल्पातली तरतूद त्या तारखेला संपते, खर्च झाला नाही तर पैसे परत आणि पुढच्या वर्षी कात्री. म्हणून ऑगस्टमध्ये आपण रिकामे असताना कुणाला आपल्या आरोग्याची काळजी नसते आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात एकदम सगळ्यांची साखर तपासायची असते. परीक्षा आणि वित्त विभाग, ज्यांची साखर खरोखर तपासायला हवी, ते त्या वेळी मान वर काढू शकत नाहीत.

तरी आरोग्य शिबिर चुकवू नका. क्रिकेटही नका चुकवू, खेळता येत नसेल तर धावफलक लिहायला बसा. लेखा विभागातला जो माणूस तुमचं बिल तीन वेळा परत पाठवतो, तो तिथे शॉर्ट पँट घालून झेल सोडताना दिसतो. नंतर त्याला फोन करायला भीती वाटत नाही. ताणतणाव, सकारात्मक विचार, यशाचा मंत्र असल्या व्याख्यानांना कामाचं कारण सांगून खुशाल दांडी मारा.

ज्याला कुणी कार्यक्रम म्हणत नाही त्याच सूचना या दिवसांत जास्त महत्त्वाच्या. आयकराची कागदपत्रं वेळेत दिली नाहीत तर फेब्रुवारीच्या पगारातून अशी कपात होते की रडू येईल. जुनी करप्रणाली की नवी, ते लेखी कळवा. वर्ष संपताना गोपनीय अहवालासाठी स्वतःच्या कामाचं विवरण द्यायचं असतं, ते 'नेहमीची कामे' असं लिहून मोकळे होऊ नका. मार्चमध्ये अधिसभेची (सिनेटची) अर्थसंकल्पाची बैठक होते, तिथे कर्मचारी कल्याणाच्या शीर्षाखाली किती ठेवले ते बघायची सवय लावा. गुलाब त्यातूनच येतात.

आंदोलनांच्या सूचनाही याच मोसमात येतात आणि ते साहजिक आहे, परीक्षेच्या तोंडावरच आपली आठवण होते. फेब्रुवारी 2023 मध्ये शिक्षकेतरांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार घातला तेव्हा विद्यापीठांना परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. लगेच मार्चमध्ये, 14 ते 20 तारखेला, जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला. 1 नोव्हेंबर 2005 ला किंवा त्यानंतर लागलेल्यांचा तो प्रश्न होता, म्हणजे तुमचाही. जायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण अजून परिविक्षा (प्रोबेशन) चालू असेल तर आधी संघटनेतल्या जुन्या माणसाशी बोला.

8 मार्चला बोलायला उभं राहायची संधी मिळाली तर एक विचारा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2015 च्या विनियमांप्रमाणे लैंगिक छळाविरुद्धच्या अंतर्गत समितीवर दोन शिक्षकेतर कर्मचारी असावे लागतात. ते दोघं कोण, त्यांचे फोन नंबर कुठे लावलेत? आमच्याकडे हे विचारलं तेव्हा व्यासपीठावर बराच वेळ एकमेकांकडे बघणं चाललं होतं. त्या दिवशी मिळालेल्या सगळ्या गुलाबांपेक्षा ते बघणं मला जास्त आवडलं. आणि परीक्षा भवनात बायकांच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, हे रांगोळी स्पर्धेचं पारितोषिक घेताना माइकवर सांगितलं तर दोन दिवसांत कडी बसते. अर्ज करून बसत नाही.

राहता राहिले साहेब. कार्यक्रम म्हणजे काम नव्हे, हे ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. पुढे त्यांची निवृत्ती आली. निरोप समारंभ कुठे झाला? विभागातच, दुपारी तीन वाजता, कामाच्या दिवशी. भाषणं संपता संपेनात. प्रत्येकाने साहेबांच्या शिस्तीचं कौतुक केलं, साहेबांनी स्वतः पाऊण तास आठवणी सांगितल्या. खिडकीबाहेर मुलं गुणपत्रिकांसाठी ताटकळत उभी. महिनाअखेरीला मी मुद्दाम मस्टर पाहिलं. कुणाचीही अर्धी सीएल मांडलेली नव्हती. साहेबांचीही नाही.

एक सांगायचं राहिलं. हे सगळं कायम नोकरीवाल्यांचं झालं. तुम्ही कंत्राटावर असाल तर तुमची सीएल नाही, त्या दिवसाचा पैसाच कापला जाऊ शकतो, तेव्हा आधी एजन्सीच्या सुपरवायझरकडून लिहून घ्या. सफाईच्या बायका 'सर्व महिला कर्मचारी' मध्ये धरल्या जात नाहीत. कार्यक्रम संपल्यावर गुलाबाच्या पाकळ्या त्याच झाडतात. खासगी आणि कृषी विद्यापीठांचे नियम वेगळे, तिथलं मी सांगू शकत नाही.

घरच्यांचं म्हणाल तर विज्ञान दिनाला मुलांना जरूर आणा, बऱ्याच ठिकाणी प्रयोगशाळा बघायला मिळतात. पुण्याच्या आसपास असाल तर विद्यापीठाच्या आवारातली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आणि नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण त्या दिवसांत लोकांसाठी खुली ठेवतात. स्नेहसंमेलनाला घरचे चालतात. 8 मार्चला सासूबाईंना आणू नका, पाकिटं मोजून मागवलेली असतात.