वाचक विचारतात : तळटिपा आणि अंत्यटिपा

प्रश्न : माझा प्रबंध नागपूरकर भोसल्यांच्या काळावर आहे. तिसऱ्या प्रकरणात १४० टिपा आहेत. आकडे टाइप करून वर चढवले आणि टिपा पानाच्या खाली हाताने लिहिल्या. आता मार्गदर्शकांनी मध्येच दोन संदर्भ वाढवायला सांगितले आहेत. पुढचे सगळे आकडे बदलावे लागतील का? (संशोधक विद्यार्थिनी, महाल)

उत्तर : हाताने बदलू नका, कारण पुढचा संदर्भ वाढला की तेच काम पुन्हा करावे लागेल. एकदाच दोन दिवस घालवा आणि आकड्यांचे काम वर्डकडे सोपवा.

आधी फाइलची प्रत काढून ठेवा. पानांखालच्या सगळ्या टिपा उचलून वेगळ्या फाइलमध्ये न्या. त्या जागेवर राहिल्या तर मजकूर सरकेल तशा त्या पानाच्या मधोमध येतील. मग कंट्रोल-एच दाबून शोधायचा रकाना कोरा ठेवा आणि 'मोअर', 'फॉरमॅट', 'फॉन्ट' या वाटेने 'सुपरस्क्रिप्ट'वर खूण करा. 'फाइंड नेक्स्ट' तुम्हाला एकेका आकड्यावर नेईल. तिथला जुना आकडा पुसा, ऑल्ट-कंट्रोल-एफ दाबा आणि खाली उघडलेल्या जागेत टीप फक्त मजकूर म्हणून चिकटवा. काम पहिल्या टिपेपासून क्रमाने करा. वर्डचा नवा आकडा पुसलेल्या आकड्याशी जुळत गेला पाहिजे. जिथे जुळणार नाही, तिथेच एखादी टीप सुटली आहे किंवा एकच आकडा दोनदा पडला आहे. एकाच टिपेकडे दोन ठिकाणांहून बोट दाखवायचे असेल तर दुसऱ्या ठिकाणी 'क्रॉस-रेफरन्स'मधून 'फुटनोट' निवडा.

आकडा पूर्णविरामानंतर, मध्ये जागा न सोडता द्या. जागा सुटली की आकडा एकटाच पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसतो.

आता खरा धोका. आकडे यंत्र सांभाळते, 'तत्रैव' (म्हणजे 'लगेच आधीच्या टिपेतलाच ग्रंथ') सांभाळत नाही. समजा, २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७च्या सीताबर्डीच्या लढाईवर लिहिताना टीप २२मध्ये १९०८चे नागपूर जिल्हा गॅझेटियर आहे आणि २३मध्ये 'तत्रैव'. दोहोंच्या मध्ये तुम्ही एका बखरीचा संदर्भ घातला. 'तत्रैव' निमूटपणे २४वर गेले आणि आता ते बखरीकडे बोट दाखवते आहे. पडद्यावर काहीच चुकलेले दिसत नाही, चूक परीक्षकाला सापडते. म्हणून प्रबंध पक्का होईपर्यंत प्रत्येक टिपेत लेखक, छोटे शीर्षक आणि पान लिहा. 'तत्रैव' छपाईच्या आदल्या दिवशी घाला.

प्रश्न : मला टिपा प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी हव्यात, पण त्या सगळ्या संदर्भग्रंथांच्या यादीच्याही मागे जाऊन बसतात. (प्राध्यापक, धरमपेठ)

उत्तर : अंत्यटिपा दस्तऐवजाच्या अगदी शेवटी जाणे हे वर्डमध्ये ठरलेलेच आहे. 'प्रकरण' म्हणजे काय हे वर्डला कळत नाही, 'सेक्शन' कळतो. प्रत्येक प्रकरण संपते तिथे 'लेआउट', 'ब्रेक्स'मधून सेक्शन ब्रेकखालचे 'नेक्स्ट पेज' घाला. नुसता पेज ब्रेक चालत नाही. मग 'रेफरन्सेस' टॅबमध्ये फुटनोट गटाच्या कोपऱ्यातला छोटा बाण दाबा, 'एंडनोट्स'समोर 'एंड ऑफ सेक्शन' आणि क्रमांकासाठी 'रिस्टार्ट ईच सेक्शन' निवडा, बदल 'होल डॉक्युमेंट'ला लावा. शेवटी 'अप्लाय'च दाबा. शेजारचे 'इन्सर्ट' दाबले तर कर्सर असेल तिथे एक कोरी टीप घुसते. ग्रंथयादीचा सेक्शन वेगळा असला आणि त्यात टीप नसली की तिच्यामागे काही येणार नाही.

सगळ्या टिपा एकत्र, पण यादीच्या आधी हव्या असतील तर 'एंड ऑफ सेक्शन' तसेच ठेवून क्रमांक सलग करा. 'पेज सेटअप'च्या लेआउट भागात प्रत्येक प्रकरणासाठी 'सप्रेस एंडनोट्स'वर खूण करा, यादीआधीच्या शेवटच्या सेक्शनला मात्र करू नका. टिपा तिथपर्यंत ढकलल्या जातात. सेक्शन पाडल्यावर पृष्ठक्रमांक सलग आहेत ना, तेही पाहून घ्या.

प्रश्न : बर्डीवरून टाइप करून आणलेल्या मजकुरात तळटीप घातली की खाली इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. दुसऱ्या, युनिकोड फाइलमध्ये टिपांच्या वेलांट्या वरून कापल्या जातात. (स्मरणिकेच्या संपादक, नंदनवन)

उत्तर : पहिली फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहे. अशा फाइलीत साठवलेली असतात रोमन अक्षरे, मराठी आकार त्यांना फक्त फॉन्ट देतो. टिपेची 'फुटनोट टेक्स्ट' ही शैली स्वतःचा फॉन्ट लावते, म्हणून मुखवटा गळतो. आधी मजकूर युनिकोडमध्ये आणा, टिपा नंतर घाला. उलट क्रमाने केले आणि मजकूर साध्या रूपात कन्व्हर्टरमध्ये चिकटवला, तर टिपांच्या खुणा वाटेतच नाहीशा होतात.

वेलांट्या कापतात त्या बहुधा ओळींचे अंतर 'एक्झॅक्टली' करून फार कमी ठेवल्यामुळे. 'की' किंवा 'र्मी' लिहून पाहा, रफार आणि वेलांटीचे टोक आधी जाते. 'फुटनोट टेक्स्ट' शैली बदलून अंतर 'सिंगल' करा. तिथेच फॉन्टमध्ये 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'चा आकार १० ठेवा. देवनागरी त्याच रकान्याचे ऐकते, वरच्या रोमन रकान्याचे नाही. एकेक टीप निवडून आकार बदलत बसू नका. शैली बदलली की सगळ्या बदलतात.

प्रश्न : टीप पुसली, पण खाली नुसता १४ उरला आहे. (प्रतापनगर)

उत्तर : टीप खालून नाही, वरून पुसायची. मजकुरातला १४ निवडून डिलीट करा. खालची टीप जाईल आणि पुढचे आकडे आपोआप सरकतील. खालच्या आकड्यावर डबल-क्लिक केले की मजकुरातल्या नेमक्या जागी पोहोचता.

प्रश्न : गूगल डॉक्समध्ये अंत्यटीप सापडत नाही. (मनीषनगर)

उत्तर : तिथे तळटीपच घालता येते, कंट्रोल-ऑल्ट-एफने. फाइल वर्डच्या रूपात उतरवून घ्या, वर्डच्या त्याच टिपांच्या चौकटीत 'कन्व्हर्ट' दाबा आणि सगळ्या तळटिपांच्या अंत्यटिपा करा. हे काम लेखन पूर्ण झाल्यावर, अगदी शेवटी करा.