पंखे फिरतात, लाइट लागतात, पण स्क्रीन काळीच: बोर्ड परत करण्याआधी

भाऊ, नव्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड (पुढे नुसता बोर्ड म्हणतो) एवढ्यात परत पाठवू नका. तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम आणि १६५० चं ग्राफिक्स कार्ड. बटण दाबलं की सगळे पंखे फिरतात, लाइट लागतात, पण मॉनिटरवर 'नो सिग्नल'. सीताबर्डीतल्या दुकानदाराने फोनवरच सांगून टाकलं की बोर्ड गेला. आणि शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की कॅबिनेटला हात लागला तर झिणझिण्या येतात. दारव्ह्याहून नागपूरला जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. बोर्ड चांगला निघाला तर तो दिवसही गेला आणि मशीन आहे तिथंच. म्हणून घरबसल्या जेवढं तपासता येतं तेवढं आधी तपासा.

तुम्ही टाकलेल्या मागच्या बाजूच्या फोटोत ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टवर काळी प्लास्टिकची टोपणं अजून तशीच आहेत. म्हणजे एचडीएमआयची केबल तुम्ही वर, बोर्डाच्या पोर्टला लावली आहे. ५६०० मध्ये चित्र दाखवायची सोय नाही. ती ५६००जी मध्ये असते. बोर्डावर पोर्ट असलं तरी या प्रोसेसरवर ते मुकंच राहणार. टोपण काढा, केबल खाली कार्डाला लावा आणि मॉनिटरच्या मेनूत इनपुट एचडीएमआयच आहे ना ते बघा. नव्या मशीनच्या 'डिस्प्ले येत नाही' अशा तक्रारींमध्ये ही गोष्ट इतक्यांदा निघते, की मी पहिला प्रश्न हाच विचारतो.

एवढ्याने चित्र आलं तर उत्तमच. नाही आलं तर आधी एक गोष्ट ठरवायची: मशीन आतून जिवंत आहे आणि फक्त चित्र येत नाही, की मशीन सुरूच होत नाही? पंखे फिरणं हा पुरावा नव्हे. कित्येक बोर्डांवर प्रोसेसरचा करंट जोडलेला नसला तरी पंखे फिरतात. साधा कीबोर्ड मागच्या यूएसबीला लावा, मिनिटभर थांबा आणि कॅप्स लॉक दाबा. दर वेळी दिवा लागत-विझत असेल तर मशीन आतून चाललंय; केबल, मॉनिटर किंवा कार्ड बघा. मॉनिटर डिशच्या सेट टॉप बॉक्सला लावून पाहिला की त्याचा निकाल लागतो. दिवा हलतच नसेल तर मशीन त्याआधीच अडकलंय.

अडकलंय कुठे, हे बरेच बोर्ड स्वतः सांगतात. २४ पिनांच्या जाड केबलीजवळ किंवा बोर्डाच्या उजव्या कडेला चार बारीक दिवे असतात, शेजारी सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट असं लिहिलेलं असतं. खोलीत अंधार करून बटण दाबा आणि कुठला दिवा लागून राहतो ते बघा.

डीरॅमवर थांबलं तर दोन्ही रॅम काढा. एकच रॅम प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या खाचेत लावा आणि दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबा. नवा माणूस इथे घाबरून हात हलका ठेवतो आणि रॅम एका बाजूने वरच राहते; 'टक' असा आवाज यायलाच पाहिजे. नाही जमलं तर दुसरी रॅम लावून बघा. पुढे दोन्ही लावायच्या तेव्हा, चार खाचा असतील तर, दुसरी आणि चौथी खाच.

सीपीयूवर थांबलं तर दोन शक्यता. पहिली, बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातला ८ पिनांचा करंट. ही जागा कूलरच्या आड जाते आणि केबल लावायची राहून जाते. तिथे ४ अधिक ४ अशी फुटणारी, सीपीयू लिहिलेली केबलच लागते. ६ अधिक २ वाली ग्राफिक्स कार्डाची असते. दिसायला सारखी, पण आतली जोडणी उलटी. बसत नसेल तर जोर लावू नका.

दुसरी शक्यता मला तुमच्या बाबतीत जास्त वाटते. बी४५० बोर्ड २०१८ पासूनचे, ५६०० आला २०२२ मध्ये. दुकानात पडून राहिलेल्या जुन्या बोर्डात जुना बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) असेल तर तो या प्रोसेसरला ओळखतच नाही. बोर्डही चांगला, प्रोसेसरही चांगला, आणि तरी पंखे फिरून स्क्रीन काळी. खोक्यावर 'रायझन ५०००' चं स्टिकर आहे का बघा. बोर्डावर बायोसच्या आवृत्तीची बारीक चिठ्ठी असते, ती कंपनीच्या साइटवरच्या प्रोसेसरच्या यादीशी ताडून पाहा. मागे बायोस फ्लॅशचं बटण असेल तर पेनड्राइव्ह फॅट३२ या प्रकारात फॉरमॅट करून, कंपनीने सांगितलेल्या नावाने फाइल टाकून घरीच काम होतं. बटण नसेल तर जुना रायझन लावून बायोस बदलून द्यायला दुकानदाराला सांगा. बोर्ड बदलायची गरज नाही. घरी करणार असाल तर यूपीएस किंवा इन्व्हर्टरवरच करा. मधेच लाईन गेली तर चांगला बोर्डही बंद पडू शकतो, आणि गावातली लाईन कधी जाईल याचा भरवसा नाही.

एवढं करूनही काही नाही, तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढा. तो त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. बोर्ड ज्यात येतो त्या चकचकीत पिशवीवर नको, ती बाहेरून करंट वाहू शकते. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, कार्ड आणि एसएमपीएस (करंट पुरवणारा डबा) एवढंच जोडा, बाकी काही नाही. बोर्डावर कॅबिनेटच्या पॉवर स्विचची वायर लागते त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर क्षणभर टेकवला की मशीन सुरू होतं. बाहेर चाललं आणि आत बंद पडलं, तर बहुधा बोर्डाखाली पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो खुंटा) चुकीच्या जागी राहिलाय. हे करताना कूलर सरळ वर ओढू नका. पेस्ट चिकटून या सॉकेटमधला प्रोसेसर सोबत उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी हळूहळू डावीकडे-उजवीकडे फिरवून सोडवा.

आता झिणझिण्या. डिस्प्ले न येण्याचं हे कारण असण्याची शक्यता कमी, पण मला काळजी याचीच जास्त वाटते. एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून बॉडीकडे एकेक लहान कपॅसिटर असतो. अर्थिंग जोडलेलं असेल तर त्यातून येणारा बारीक करंट जमिनीत जातो. ते नसेल तर २३० व्होल्टच्या साधारण निम्मे, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्ट कॅबिनेटवर चढून बसतात. करंट थोडा असतो म्हणून झिणझिण्यांवर भागतं. पण अशा अवस्थेत डिशची केबल लावलेला टीव्ही आणि पीसी एचडीएमआयने जोडले तर पोर्ट उडू शकतं.

वायरमनला मल्टिमीटर घेऊन बोलवा. फेज ते अर्थ २३० च्या जवळ आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवेत. तुमच्या भिंतीवरच्या लाइटच्या बोर्डात तिसऱ्या पिनेला वायरच नसेल असा माझा अंदाज आहे. गावात कित्येक घरी तीन पिनांचा सॉकेट असतो आणि मागे दोनच वायरी. कुणी म्हणालं, 'न्यूट्रल आणि अर्थ आतून जोडून देतो, झिणझिण्या बंद होतील,' तर करू देऊ नका. झिणझिण्या खरंच बंद होतात. पण ज्या दिवशी न्यूट्रल तुटेल त्या दिवशी पूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटवर येतील, आणि घरात लहान मुलं आहेत. खड्डा खणून, कोळसा-मीठ घालून नीट अर्थिंगच करून घ्या. आधीच असेल तर त्यात पाणी आहे का बघा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी पडते, आणि पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग वैशाखात कामाचं राहत नाही. मार्चपासून आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी ओतत जा. तोवर आत हात घालायचा असेल तेव्हा नुसतं खटका बंद करून भागणार नाही, पिन काढूनच.

बोर्डाचं खोकं आणि बिल जपून ठेवा, परत करायची मुदत कुठवर आहे ते दुकानदाराकडून मेसेजवर लिहून घ्या. मग तीन गोष्टी कळवा: केबल कार्डाला लावल्यावर काय झालं, कॅप्स लॉकचा दिवा हलतो का, आणि चारपैकी कुठला दिवा लागून राहतो. बोर्डावरच्या बायोसच्या चिठ्ठीचा जवळून फोटोही टाका, यादीशी मी ताडून सांगतो.