सासऱ्यांना जुलाब थांबवायची गोळी देण्याआधी एवढं वाचा

ताई, सासऱ्यांना तीन दिवस ताप, मुरडा, जुलाबात आव आणि रक्त, आणि उद्या निपाणीला लग्नाला जायचंय म्हणून जुलाब थांबवायची गोळी द्यावी का, असं तुम्ही विचारलंय. वाचून अंगावर काटा आला. २०२१ च्या पुरानंतर मी हेच करून बसलो होतो. मी डॉक्टर नाही, अनुभव सांगतोय.

कोल्हापुरात शाहूपुरीला पाहुण्यांच्या घरातला गाळ काढायला गेलो आणि तिथलंच पाणी प्यालो. चौथ्या दिवशी हेच सगळं सुरू झालं. दुसऱ्या दिवशी कामावर जाणं भाग होतं, म्हणून मेडिकलमधून लोपेरामाइड, म्हणजे हीच जुलाब थांबवायची गोळी, आणलं. दोन गोळ्या घेतल्या, संध्याकाळी आणखी दोन. जुलाब थांबले, मी खूश. रात्री दोनला पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, बोट लावू देत नव्हतं, आणि ताप १०३. पाच दिवस सलाईनवर काढले.

वॉर्डातल्या डॉक्टरांनी तेव्हा नीट समजावलं. साल्मोनेलासारख्या जंतूला शेपटी असते. ती ओळखणारे पहारेकरी रेणू, टीएलआर-५, आतड्याच्या पेशींच्या अन्न जातं त्या बाजूला नाही, तर मुख्यतः भिंतीपलीकडच्या, शरीराच्या आतल्या बाजूला असतात. त्यामुळे जंतू नुसता वरून गेला तर फारशी बोंब होत नाही, भिंत ओलांडून आत शिरला की होते. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी काही तासांत तिथं धावतात. माझ्या रिपोर्टात 'पस सेल्स २५-३०' लिहिलं होतं, त्या याच. आपण ज्याला आव म्हणतो तो आतड्याच्या अस्तराचा चिकट थर. जंतूला चिकटू न देता वाहून न्यायला शरीर तो जास्त सोडतं. जुलाबही त्याच कामाला लागलेले असतात. मी नेमका बाहेरचा दरवाजा बंद केला आणि जंतू आत कोंडले. साध्या पाण्यासारख्या जुलाबात मोठ्या माणसांना ही गोळी चालते म्हणतात, पण ताप आणि रक्त असताना नाही म्हणजे नाही.

आणखी एक. मी आधी ज्या दवाखान्यात गेलो (नाव घेत नाही) तिथं शौचाचा नमुना न घेताच अँटिबायोटिकचं इंजेक्शन टोचलं. पुढे कल्चर, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी, केलं तर औषध आधीच पोटात गेल्यानं असेल, काहीच उगवलं नाही. कुठला जंतू होता ते आजही मला माहीत नाही, आणि याचा राग अजून जात नाही. तुम्ही मात्र नमुना आधी द्या, औषध नंतर. डबी घेऊन उन्हात फिरू नका, लगेच लॅबमध्ये पोचवा.

ओआरएसचं पाकीट एक लिटरचं असेल तर अख्खं एक लिटर पाण्यातच घाला. अर्धं पाकीट अंदाजानं पेल्यात टाकायची आपल्याकडची सवय वाईट. लघवी कमी झाली, गुंगी आली किंवा पोट फुगलं तर सकाळची वाट बघू नका. खरं तर तीन दिवस ताप आणि रक्त आहे, वयही झालंय, तेव्हा आजच दाखवा. निपाणीला फोन करून येत नाही म्हणून सांगा. पाहुणे समजून घेतील.