घोड्याच्या जबड्याच्या सांध्यात पू झालाय हे कसं ओळखायचं? उपचार काय?

डोळा आणि कान यांच्यामध्ये सूज, अर्धवट चघळलेल्या गवताचे बोळे तोंडातून पडणं, तोंड नीट न उघडणं, असं दिसलं तर फक्त दात तपासून थांबू नका. तिथे लाथ किंवा जखम झाली होती का, आठवा. खात्री सांध्यातलं पाणी तपासूनच होते. ते गढूळ असेल आणि पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरला ३०,००० च्या वर असतील तर जंतुसंसर्गच धरतात. कल्चरचा (जंतू वाढवून ते कोणते हे पाहण्याच्या तपासणीचा) नमुना अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घ्यायला सांगा, हे फार महत्त्वाचं आहे. हाडाचं नुकसान सीटी स्कॅनमध्ये सर्वांत स्पष्ट दिसतं. नुसत्या इंजेक्शनांवर विसंबू नका. सांधा आतून धुवावाच लागतो, शक्यतो दुर्बिणीतून. सोबत वेदनाशामक आणि भिजवलेला मऊ चारा. उशीर झाला तर कूर्चा (सांध्यातल्या हाडांवरचं गुळगुळीत आवरण) खराब होते, म्हणून पशुवैद्यांना आजच बोलवा.