जुनी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी घरीच दुरुस्त करून त्यात बदल करायचे असतील, तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की वीसेक वर्षं जुनी, पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्हची (गरजेपुरताच चारही चाकांना जोर देणारी) डिझेल गाडी हाती आली आहे. ती दोन इंच उंच करायची आहे, मोठे टायर आणि स्नॉर्केल (इंजिनची हवा उंचावरून घेणारी नळी) बसवायचं आहे, आणि जमेल तेवढं काम घरीच करायचं आहे. माझं मत स्पष्ट आहे: सुरुवात गाडीखालच्या तेलांपासून करा. लिफ्ट किट विकत घ्यायची घाई करू नका. अशा गाडीला इंजिन सोडून आणखी चार ठिकाणी तेल असतं: गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (जोर पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला वाटणारा डबा), पुढचा डिफ आणि मागचा डिफ (डिफरेन्शियल, म्हणजे ॲक्सलची दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर). आधीच्या मालकाने गाडी कशी वापरली, हे तो सांगो न सांगो, ही चार तेलं सांगतात.

गाडीखाली शिरण्याआधी मात्र एक गोष्ट पक्की करा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जायचं नाही, घोड्या (जॅक स्टँड) लावायच्याच. त्यातही बऱ्याच जुन्या फोर-व्हील गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर (ॲक्सलपर्यंत जोर नेणाऱ्या लांब दांड्यावर) असतो. जुन्या लँड रोव्हर, विलीज जीप, सगळ्यांची तीच रचना. अशा गाडीचं मागचं एकच चाक उचललं की डिफ ते चाक मोकळं फिरू देतो आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. प्रोपेलर शाफ्ट काढला तर हँडब्रेक उरतच नाही. म्हणून जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावल्याशिवाय जॅकचा दांडा हातात घेऊ नका.

आता मागच्या डिफपासून सुरू करा. आधी वरचं, तेल भरायचं बूच उघडा, खालचं नंतर. खालून तेल सोडून दिलं आणि वरचं बूच गंजून बसलेलं निघालं, तर गाडी तिथेच अडकते. गाडी थोडी चालवून आणा म्हणजे तेल गरम होऊन सगळं उतरेल. खालच्या बुचाला चुंबक असेल तर त्यावर करडा लगदा जमलेला दिसेल. तो दोन बोटांत चोळून बघा. शाईसारखा मऊ लागला तर ती रोजची झीज आहे, पुसून टाका. बोटांना कण टोचले, सुईसारख्या काड्या किंवा दाताचा तुकडा निघाला, तर बेअरिंग किंवा गिअर गेला आहे. मग उंची आणि टायरचा विचार सध्या बाजूला ठेवा. तेल दुधट निघालं तर आत पाणी गेलेलं आहे.

पाणी जातं कसं, हे समजून घेण्यासारखं आहे. प्रत्येक ॲक्सलवर, तसाच गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसवरही, एक छोटा ब्रीदर असतो, त्यातून आतली हवा बाहेर-आत होते. गाडी चालून ॲक्सल तापलेला असतो आणि तसाच तो ओढ्याच्या गार पाण्यात बुडतो. आतली हवा एकदम आकसते. ब्रीदर पाण्याखाली असेल किंवा चिखलाने बुजलेला असेल, तर ती ओढ ऑइल सीलच्या ओठांतून पाणी आत खेचते. उलटही होतं: ब्रीदर बुजला असताना तापलेल्या हवेचा दाब तेल सीलमधून बाहेर ढकलतो आणि ते मागच्या ब्रेकच्या लायनरवर उतरतं. सील गळतंय म्हणून नवं सील बसवण्याआधी ब्रीदर काढून फुंकून बघा. मला विचाराल तर या गाडीतला पहिला बदल हाच असावा: चारही ब्रीदरना तेल सोसणारी नळी जोडून ती इंजिनच्या खोलीत, बॉनेटखाली उंच नेऊन बांधायची. पाण्यातून जाणाऱ्या गाडीला याच्याइतकं फायद्याचं दुसरं काम नाही.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या पातळ्या एकत्र बघा. एकीकडे तेल कमी आणि दुसरीकडे भरून वाहतंय असं दिसलं, तर दोघांमधलं शाफ्टचं सील गेलं आहे. बाहेर एक थेंबही सांडत नाही, म्हणून हे लवकर लक्षात येत नाही. नवं तेल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घाला. डिफला ८०डब्ल्यू-९० जीएल-५ (जीएल-४, जीएल-५ या गिअर तेलाच्या प्रती) चालतं म्हणून तेच गिअरबॉक्समध्ये ओतू नका. जुन्या गिअरबॉक्सच्या सिंक्रोनायझर (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या) रिंगा पितळेच्या असतात, आणि काही जीएल-५ तेलांतली गंधक-फॉस्फरसची रसायनं पितळ खातात. जीएल-४ सांगितलं असेल तर जीएल-४च.

मग प्रोपेलर शाफ्ट. शाफ्ट एका हाताने आणि तो जिथे बोल्टने जोडलेला असतो तो पुढचा फ्लॅंज दुसऱ्या हाताने धरून उलटसुलट पिळा. क्रॉसमध्ये (शाफ्टच्या टोकाच्या चार कपांच्या वळत्या जोडामध्ये) जराही खटका लागला किंवा कपाभोवती तांबूस भुकटी दिसली, तर क्रॉस बदला. ठीक असेल तर ग्रीस गनने चारही कपांतून नवं ग्रीस डोकावेपर्यंत मारा. एका कपातून आलं नाही तर तो कोरडाच चालतोय. शाफ्ट काढताना दोन्ही तुकड्यांवर खूण करून ठेवा. स्लिप जॉइंट (शाफ्टचा एकमेकांत सरकणारा दातांचा जोड) एक दात चुकून बसला की दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे बेचके) एका रेषेत राहत नाहीत आणि गाडी थरथरते.

पुढच्या चाकांना फ्री-व्हीलिंग हब (चाक ॲक्सल शाफ्टपासून सोडवता येणारे) असतील तर ते वर्षभर मोकळे ठेवून विसरू नका. महिन्यातून एकदा लॉक करून थोडं चालवा, पुढच्या ॲक्सलच्या आत तेल फिरायला हवं. फोर-व्हीलचा दांडा मात्र फक्त माती, वाळू, चिखल, बर्फ अशा जागी टाका. पार्ट-टाइम गाडीत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मधे आणखी एक, तिसरा डिफ नसतो. वळणावर पुढची चाकं मोठ्या वर्तुळात फिरतात, पण शाफ्ट दोघांना सारखंच फिरवतात. मातीत चाक घसरून हा फरक भागतो. कोरड्या डांबरावर तो भागत नाही, पीळ शाफ्टमध्ये आणि ट्रान्सफर केसमध्ये साठत जातो. दांडा निघता निघत नाही, तो याच पिळामुळे.

चॅसिसचं थोडक्यात: लहान हातोडीने सगळीकडे ठोकत जा, विशेषतः पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) ब्रॅकेटजवळ आणि मागच्या टोकाला. खणखणीत आवाज हवा. बद्द आवाज आला तिथे पत्रा आतून खाल्लेला आहे. पाणी निघून जायची भोकं चिखलाने बुजलेली असतात, ती मोकळी करा.

हे सगळं झालं की मग उंची. एक हिशेब डोक्यात ठेवा: सस्पेन्शन उंच केल्याने डिफखालची जागा मिलिमीटरभरही वाढत नाही. ती फक्त टायर वाढवतो, तीही निम्म्याने. २९ इंचांऐवजी ३२ इंची टायर लावला की डिफ दीड इंच वर जातो. लिफ्ट लागते ती मोठा टायर मडगार्डला घासू नये आणि बॉडी दगडाला लागू नये म्हणून. आणि त्याच टायरने स्पीडोमीटर ६० दाखवत असताना गाडी ६६ने जाते, ब्रेकला जास्त जोर लागतो, पहिला गिअर उंच झाल्यासारखा वाटतो आणि क्लच जास्त झिजतो. उंच गाडीचा तोलही वर जातो, वळणावर ते जाणवतं. म्हणून दोन इंचांवर थांबा, आणि टायर एकच माप वर घ्या.

दोन इंच वर गेल्यावर ब्रेकचे होज ताणतात का, हे पाटे पूर्ण लोंबकळू देऊन बघा. प्रोपेलर शाफ्टचे कोन वाढतात, पुढच्या ॲक्सलचा कॅस्टर (चाक ज्या कण्यावर वळतं त्याचा मागे कललेला कोन) कमी झाला तर वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही. कॉइल स्प्रिंग आणि पॅनहार्ड रॉड (ॲक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) असेल तर ॲक्सल एका बाजूला सरकतो. पाटे बदलताना त्यांना ॲक्सलशी आवळणारे यू-बोल्ट नवेच घ्या. रबरी बुशचे बोल्ट हवेत आवळू नका. गाडी चाकांवर उभी करून, तिचं वजन पाट्यांवर आल्यावरच शेवटचा टॉर्क द्या. हवेत आवळलेलं बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. काहीशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा.

खड्ड्यातून गेल्यावर स्टेअरिंग जोरजोरात हलायला लागलं तर लोक नवा स्टेअरिंग डँपर (झटके शोषणारी नळी) लावतात. त्याने रोग फक्त झाकला जातो. किंगपिन बेअरिंग (चाक ज्यावर वळतं ते), टाय रॉडची टोकं, पॅनहार्डचं बुश आणि चाकांचं बॅलन्सिंग, खेळ यातच कुठेतरी असतो. एकाला स्टेअरिंग डावी-उजवी हलवायला सांगा आणि खाली बघत प्रत्येक जोडावर हात ठेवा, ढिला जोड बोटांना कळतो.

स्नॉर्केल सगळ्यात शेवटी. वरचं तोंड कितीही उंच असलं तरी एअर फिल्टरच्या डब्यापर्यंतचा प्रत्येक जोड हवाबंद नसेल तर पाणी खालूनच शिरतं. डब्याच्या तळाचं निचऱ्याचं भोकही बघा. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

डिफच्या दातांची मांडणी, चॅसिसवर वेल्डिंग आणि डिझेल पंप ही तीन कामं मात्र जाणत्या माणसाकडे द्या. डिफला शिम (पातळ चकत्या) आणि डायल गेजने मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजावं लागतं. बाकी सगळं घरी होतं, घाई नसेल आणि टॉर्क रेंच चांगला असेल तर.

तुमच्या गाडीचा पुढचा ॲक्सल टोकाला गोल, बंद गोळ्याचा आहे की उघडा, ते कळवा. बंद असेल तर गोळ्याच्या मागे बोट फिरवून बघा: तिथे घट्ट ग्रीसऐवजी पातळ, तेलकट रबरबाट लागत असेल तर आतलं ॲक्सल सील गेलं आहे, आणि बेअरिंगचं कामही त्याच वेळी उरकून घेता येईल.